चार पारगावं आणि दोन नसा

पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारशेजारचे तालुके. या दोन तालुक्यांत मिळून पारगाव नावाची गावं किती? माझ्या हिशेबाने चार. जुन्नरमध्ये पारगाव तर्फे आळे आणि पारगाव तर्फे मढ, आंबेगावात पारगाव तर्फे खेड आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. या शेवटच्यात भीमाशंकर साखर कारखाना आहे, त्यामुळे लोक त्याला सरळ 'कारखान्याचं पारगाव' म्हणतात. एसटीत बसून नुसतं "एक पारगाव द्या" म्हणालात तर कंडक्टर आधी तुमच्याकडे बघतो आणि मग विचारतो, "कुठलं?"

तर्फ म्हणजे जुन्या महसुली कारभारातला गावांचा गट. थोडक्यात, गावाच्या नावामागचं शेपूट सांगतं की हे गाव कुठल्या ठाण्याला जोडलेलं आहे. आमच्या धंद्यात याला नेमस्पेस म्हणतात. नाव सारखं असलं तरी चालतं, कुठून आलंय ते कळलं की गोंधळ होत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेले काही शनिवार-रविवार मी वैद्यकाच्या इतिहासातली एक गोष्ट वाचतोय. चेहऱ्यावर दर बाजूला दोन मोठ्या नसा पसरलेल्या असतात, आणि एके काळी भलेभले सर्जन त्यातली चुकीची नस कापत होते. म्हणजे चिठ्ठी एका पारगावची आणि पोचवली दुसऱ्या पारगावला. फक्त इथे चिठ्ठीच्या जागी सुरी होती.

आधी एक शब्द स्वच्छ करून घेऊ. बोली मराठीत 'नस' म्हणजे रक्ताची शीरही असते आणि मज्जातंतूही. 'हाताची नस कापली' यात रक्त असतं, 'नस दबली' यात नसतं. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू, सिग्नल वाहणारी वायर. रक्ताची नळी असेल तिथे मी धमनी किंवा रक्तवाहिनी म्हणेन, कारण पुढे गोष्टीत हे दोघे एकमेकांना भिडणार आहेत.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. त्यातली पाचवी म्हणजे ट्रायजेमिनल. ती तीन फाट्यांत फुटते: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरा गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. चेहऱ्याला स्पर्श, दुखणं, गार-गरम कळतं ते हिच्यामुळे. शिवाय चावण्याचे स्नायूही हीच चालवते. सातवी म्हणजे फेशियल नस. ती कानाच्या मागे-खाली हाडातल्या एका भोकातून बाहेर पडते, कानापुढच्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथून पंख्यासारख्या पाच फांद्या चेहऱ्यावर पसरवते. हसणं, डोळा मिटणं, भुवई उडवणं, शिट्टी मारणं ही सगळी कामं हिची. गंमत म्हणजे 'फेशियल' हे नाव हिला मिळालं, पण चेहरा दुखतो तेव्हा ते कळवणारी नस ही नव्हेच.

पाचवी बिघडली की जे होतं त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. २०११ साली सलमान खानच्या आजाराच्या बातम्या आल्या तेव्हा हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं. दात घासताना, दाढी करताना, चहाचा घोट घेताना, पंख्याचा वारा लागला तरी चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. काही सेकंदांत जाते, पुन्हा येते, आणि दिवसात किती वेळा येईल याचा नेम नसतो. माणसं जेवायला, बोलायला घाबरतात.

हा आजार काही नवा नाही. १७५६ साली फ्रान्समधल्या व्हर्सायच्या निकोला आंद्रे नावाच्या सर्जनने त्याला 'टिक दुलुरू' असं नाव दिलं, म्हणजे दुखरा झटका. कळ आली की रुग्णाचा चेहरा आक्रसतो, त्यावरून हे नाव. १७७३ साली लंडनच्या जॉन फॉदरगिलने चौदा रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं, आणि ते आजच्या डॉक्टरलाही लगेच ओळखू येईल इतकं नेमकं आहे. म्हणजे लक्षणं नीट कळली होती, बोंब होती ती वायरिंगची.

त्या काळी नसांचं शास्त्र म्हणजे मृतदेह उघडून बघणं. कुठली वायर कुठून कुठे जाते ते दिसायचं, पण ती वायर काय वाहते ते कळणार कसं? सगळ्या वायरी पांढऱ्याच. त्यात गालावर पाचवी आणि सातवी यांच्या बारीक फांद्या एकमेकींत इतक्या गुंततात की जाळंच तयार होतं. आणखी गोंधळ हवाय? जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारे तंतू मालकीने सातवीचे, पण ते जिभेपर्यंत जातात पाचवीच्या फांदीत बसून. (कोड कुणाचा आणि सर्व्हर कुणाचा!) सर्जनला दिसायचं काय, तर दुखऱ्या गालावर पसरलेल्या सातवीच्या सहज सापडणाऱ्या फांद्या. शिवाय कळ येताना चेहरा फडफडतोय. मग नस हीच असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. कापली. रुग्ण शुद्धीवरच असायचा, कारण भूल यायला अजून काही दशकं होती. शस्त्रक्रियेनंतर त्याचं अर्धं तोंड लोंबायचं, डोळा मिटेनासा व्हायचा, घास गालात अडकायचा. आणि कळ? ती होती तिथेच.

हा गुंता सोडवायला सुरुवात केली चार्ल्स बेलने. हा स्कॉटिश सर्जन, लंडनला शिकवायचा, आणि चित्रं अप्रतिम काढायचा. १२ जुलै १८२१ रोजी रॉयल सोसायटीत त्याचा निबंध वाचला गेला. त्याने आणि त्याचा सहकारी जॉन शॉ याने गाढवावर प्रयोग केले होते. सातवी कापली तर त्या बाजूची नाकपुडी श्वासाबरोबर हलायची थांबते, पण कातडीला टोचलेलं कळतं. पाचवी कापली तर टोचलेलं कळत नाही. म्हणजे शेजारी शेजारी, एकमेकींत मिसळलेल्या दोन नसांची कामं वेगळी. प्रयोग क्रूर होते, खुद्द बेललाही असे प्रयोग आवडत नसत. पण मृतदेह जे सांगू शकत नव्हता ते यातून कळलं.

बेलचं सगळंच बरोबर नव्हतं. सातवीला तो चेहऱ्याची 'श्वसनाची नस' म्हणायचा, आणि ओठांनी चारा उचलण्याचं काम त्याने पाचवीला देऊन टाकलं होतं. ही चूक दुरुस्त केली त्याच्याच जुन्या विद्यार्थ्याने, हर्बर्ट मेयोने, १८२२ मध्ये. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मॅजेन्डीने पाठीच्या कण्यातल्या नसांची संवेदनेची आणि हालचालीची मुळं प्रयोगाने वेगळी करून दाखवली. मग श्रेय कुणाचं यावर जोरदार भांडण पेटलं. १८२४ साली बेलने आपले जुने निबंध पुन्हा छापले तेव्हा त्यात सोयीचे बदल करून छापले. आजच्या भाषेत सांगायचं तर साहेबांनी कमिट हिस्टरीच बदलली. मूळ प्रती शिल्लक होत्या म्हणून पुढे अभ्यासकांनी दोन्ही शेजारी ठेवून ते पकडलं. माणूस हुशार होता पण श्रेयाच्या बाबतीत हात स्वच्छ नव्हते, असं माझं मत. तरीही सर्जनच्या दृष्टीने १८२१ महत्त्वाचंच. दुखण्यासाठी सातवी कापायची नाही, हे त्यानंतर ठरलं.

नावाचा गोंधळ मात्र आजही चालू आहे. सातवी अचानक लुळी पडून तोंड वाकडं होतं त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. आपल्याकडे त्यालाही 'चेहऱ्याची नस' आणि ट्रायजेमिनललाही 'चेहऱ्याची नस'. एकात तोंड वाकडं होतं आणि झटके येत नाहीत, दुसऱ्यात झटके येतात आणि तोंड सरळ असतं. औषधं वेगळी, डॉक्टरांनी विचारायचे प्रश्न वेगळे.

माझ्या नात्यातल्या पारगावच्या एका आजींची गोष्ट इथे सांगायला हवी. (चारातलं कुठलं ते मुद्दाम सांगत नाही.) खालच्या उजव्या दाढेत कळ यायची. दाढ काढली, कळ राहिली. शेजारची काढली. असं करत चार दात गेले, तेही चांगले, किडलेले नव्हेत. आजी म्हणायच्या, "दात गेला तरी दातच दुखतोय रे." घरच्यांना वाटायचं म्हातारपणी काहीतरी बोलतात. पुढे पुण्यात एका डॉक्टरांनी दातांकडे न बघता 'वारा लागला की दुखतं का?' एवढं विचारलं आणि गाडी रुळावर आली. ही गोष्ट आमच्याच घरची असं समजू नका, या आजाराच्या रुग्णांमध्ये दात गमावलेले लोक जगभर सापडतात. आणि आजींचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

कसं ते कळण्यासाठी थोडं पुण्याला जाऊ, तेही १७९३ च्या आसपास. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कुंभार कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ साचा नाकावर बसवायचा, तो उलगडून कपाळावर ठेवायचा, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची, पण दोन भुवयांमध्ये एक पट्टी कापायची नाही. ती पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायची. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हे चित्रासकट छापून आलं आणि युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी त्यातून उभी राहिली. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या न कापलेल्या पट्टीतून नुसतं रक्त येत नव्हतं, पाचव्या नसेच्या पहिल्या फाट्याच्या फांद्याही त्याच वाटेने कपाळावर जातात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलरने १८३० च्या दशकातल्या आपल्या पाठ्यपुस्तकात अशा नाकांबद्दल नोंद केली आहे, की पट्टी शाबूत आहे तोवर नव्या नाकाला हात लावला तर रुग्णाला तो कपाळावर लावल्यासारखा वाटतो.

म्हणजे स्पर्श कुठे झाला हे कातडी ठरवत नाही, वायरचं दुसरं टोक कुठे जोडलंय ते ठरवतं. दाढेची वायर मध्येच कुठे खोल बिघडली तर मेंदू 'दाढ दुखतेय' असंच म्हणणार, मग दाढ तोंडात असो वा कचऱ्यात.

एकोणिसाव्या शतकातल्या सर्जननाही हेच हळूहळू उमगत गेलं. बेलनंतर ते पाचवीच्या फांद्या कापू लागले, भुवईजवळ, डोळ्याखाली, हनुवटीजवळ, जिथे त्या हाडातून बाहेर येतात तिथे. काही महिने बरं वाटायचं. मग नस परत वाढायची आणि कळ परत यायची. म्हणून सुरी आत आत जाऊ लागली. पाचवीचे तीनही फाटे कवटीच्या तळाशी एका गाठीत एकत्र येतात, तिचं नाव गॅसेरियन गँगलियन. (व्हिएन्नाच्या गॅसरने ते स्वतः ठेवलं नाही, त्याच्या हिर्श नावाच्या शिष्याने १७६५ मध्ये गुरूच्या नावाने ठेवलं. असा शिष्य बेलला मिळाला नाही.) १८९० साली लंडनच्या विल्यम रोजने ही गाठच काढायचा प्रयत्न केला, पाठोपाठ न्यूयॉर्कचा हार्टले आणि जर्मनीतला क्राउझे यांनी कानशिलाकडून जायची वाट शोधली. रक्तस्राव भयंकर व्हायचा, माणसं दगावायची. जे वाचत त्यांच्या डोळ्याची संवेदना जायची. बुबुळात धूळ गेलेली कळलीच नाही तर डोळा चोळला जात नाही, धुतला जात नाही, जखम होते आणि शेवटी दृष्टी जाते.

१९०१ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम स्पिलरने, जो सर्जन नव्हे तर न्यूरॉलॉजिस्ट होता, एक साधा मुद्दा मांडला. गाठीच्या पुढे कापलेली नस परत वाढते, पण गाठीच्या मागे, मेंदूकडच्या बाजूला मूळ कापलं तर ते वाढत नाही. मग गाठ काढायचीच कशाला? सर्जन चार्ल्स फ्रेझियरने तसं केलं. पुढे लक्षात आलं की त्या मुळातही तंतू साधारण फाट्यांप्रमाणे रचलेले असतात. मग डोळ्याकडचे तंतू आणि चावण्याच्या स्नायूंचं वेगळं छोटं मूळ वाचवून बाकीचं कापता येऊ लागलं. नकाशा जितका बारीक, तितकं कमी कापावं लागतं.

कवटी न उघडता गाठीपर्यंत पोचायची वाटही नकाशातूनच निघाली. १९१२ च्या सुमारास जर्मनीतल्या हार्टेलने ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण तीन सेंटिमीटर बाहेर गालात सुई घालायची पद्धत बसवली. समोरून बघितलं तर सुईची दिशा बुबुळाकडे, बाजूने बघितलं तर कानापुढे तीन सेंटिमीटरवरच्या बिंदूकडे. दोन प्रतलांतले दोन कोन जुळले की सुई कवटीच्या तळातल्या अंडाकृती भोकातून बरोबर गाठीत. बारावीची को-ऑर्डिनेट जॉमेट्री! आजही रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता द्यायची असो की फुगा फुगवून गाठ दाबायची असो, वाट मुळात हीच, फक्त आता सोबत एक्स-रेचा पडदा असतो. ग्लिसरॉलचं इंजेक्शनही याच वाटेने जातं, आणि ते तर अपघाताने सापडलं. स्टॉकहोममध्ये हाकान्सन नावाच्या डॉक्टरला गाठीची जागा दिसावी म्हणून तिथे धातूची भुकटी सोडायची होती, ती ग्लिसरॉलमध्ये कालवली होती. रुग्णांची कळ भुकटीनेच थांबली असं आधी वाटलं, काम केलं होतं ग्लिसरॉलने. १९८१ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं.

पण नस बिघडते कशाने, हा प्रश्न तसाच होता. बग कुठल्या ओळीवर आहे ते कळलं होतं, बग काय आहे ते नाही.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला वॉल्टर डँडी १९२० च्या दशकात कानामागून, लहान मेंदूच्या बाजूने आत जाऊ लागला. इथून पाचवीचं मूळ मेंदूच्या देठातून जिथे निघतं ती जागाच समोर येते. तो तिथे मूळ कापत होता, आणि कापताना त्याला वारंवार दिसत होतं की एखादी धमनी नाहीतर शीर नसेला टेकून बसली आहे. १९३४ मध्ये २१५ रुग्णांच्या अनुभवावर त्याने लिहिलं की आजाराचं कारण बहुधा हेच. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. कानामागची वाट इतरांना धोक्याची वाटत होती, आणि जे तिथे गेलेच नाहीत त्यांना दिसणार काय?

१९५९ मध्ये क्लीव्हलंडच्या गार्डनरने नस न कापता मध्ये स्पंजचा तुकडा ठेवून पाहिला. मग १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये पीटर जॅनेटा नावाचा शिकाऊ सर्जन दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी पाचव्या नसेचं विच्छेदन करत होता. (इथेही दात!) त्याने ते मूळ सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिलं, आणि १९६६ पासून तोच सूक्ष्मदर्शक घेऊन तो जिवंत रुग्णांत ती धमनी शोधू लागला. ती अलगद बाजूला करायची, मध्ये गादी सारायची, आणि नस तशीच ठेवायची. गादी म्हणून पुढे टेफ्लॉन रूढ झालं, तेच, तव्याला असतं ते. कारण असं सांगतात: मेंदूतून निघताना नसेवरचं इन्सुलेशन एका जातीचं असतं, थोडं पुढे गेल्यावर दुसऱ्या जातीचं. सुरुवातीचा तो भाग नाजूक. वय वाढलं की धमन्या लांबतात, वळसे घेतात, आणि प्रत्येक ठोक्याला तिथे आपटत राहतात. इन्सुलेशन झिजतं, शेजारच्या वायरींत क्रॉसटॉक होतो, आणि वाऱ्याच्या स्पर्शाचा सिग्नल कळेच्या वायरीत उडी मारतो. आजार बहुधा पन्नाशीनंतर का, याचं उत्तरही यात आहे. १९९६ मध्ये जॅनेटाच्या गटाने अकराशेहून जास्त रुग्णांचा हिशेब मांडला. दहा वर्षांनीही सुमारे ७० टक्के लोक औषधाशिवाय, कळ नसलेले होते.

या वाटेवर आपली सातवी पुन्हा भेटते. कानामागून आत गेलं की पाचवीच्या आधी सातवी आणि तिला चिकटून ऐकण्याची आठवी लागते. लहान मेंदू जरा जास्त ओढला गेला तर या दोघी ताणल्या जातात, आणि कळ गेली पण कान गेला असं होऊ शकतं. म्हणून अनेक ठिकाणी भूल दिलेल्या रुग्णाच्या कानात सतत टिकटिक वाजवून तिचे मेंदूतले तरंग पडद्यावर बघत शस्त्रक्रिया करतात. आणि धमनी पाचवीऐवजी सातवीवर आपटत असेल तर? मग कळ नाही, अर्धा चेहरा फडफडतो. तो वेगळा आजार, पण शस्त्रक्रिया जवळपास तीच.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडींनी सुरू केला, १९५० मध्ये मद्रासला डॉ. राममूर्ती, आणि त्या दशकात मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर. त्याआधी जुन्नर-आंबेगावातल्या रुग्णाला न्यूरोसर्जन नावाचा माणूस जवळपास मिळणं शक्यच नव्हतं. आज पुण्या-मुंबईत टेफ्लॉनची ही शस्त्रक्रिया नेहमीची आहे. तरी पहिली पायरी गोळीचीच. १९६२ मध्ये स्वीडनच्या ब्लोमने कार्बामेझेपिन या आजारात चालतं असं दाखवलं, आणि पुष्कळ लोकांचं त्यावर वर्षानुवर्षं भागतं. आजींचंही भागलं.

एमआरआय काढायचा झाला तर मेंदूच्या साध्या तपासणीत ही जागा पुष्कळदा नीट दिसत नाही, पाचव्या नसेसाठी बारीक कापांचा वेगळा सिक्वेन्स सांगून करून घ्यावा लागतो. त्यातही पेच आहेच. काहीही दुखत नसलेल्या माणसांतही धमनी नसेला टेकलेली दिसते, आणि भयंकर कळा असलेल्या काहींत धमनी सापडतच नाही. म्हणून नुसतं टेकणं आता पुरावा मानत नाहीत. नस ढकलली गेली आहे का, तिच्यावर खाच पडली आहे का, ती रोडावली आहे का, हे बघतात. आणि ज्यांच्यात यातलं काहीच दिसत नाही त्यांच्यासाठी हार्टेलची सुई अजून कपाटात आहे.